फ्रूडचा हौद

इ.स. १७६६ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन हॉलंडमध्ये प्रवास करीत होता. तिथे त्या काळी प्रवासी नावा कालव्यांतून चालत आणि काठाने चालणारा घोडा त्यांना दोरीने ओढीत असे. एके दिवशी नाव नेहमीपेक्षा सावकाश चालली आहे असे ध्यानात आले. नावाड्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, यंदा कोरडे गेले, कालव्यात पाणी कमी आहे. नावेचे बूड तळाला घासते का? नाही, घासत नाही. पण पाणी कमी असले की घोड्याला ओढणे जड जाते. फ्रँकलिनला हे नवल वाटले. बूड जर तळाला टेकत नसेल, तर खाली पाणी एक हात असले काय नि दहा हात असले काय, नावेला त्याचे काय? लंडनला परतल्यावर त्याने थेम्सवरच्या नावाड्यांना विचारले. फरक पडतो, हे सगळ्यांनी सांगितले. किती पडतो, हे मात्र कुणालाच सांगता येईना.

मग त्याने स्वतःच मोजायचे ठरवले. फळ्या तासून चौदा फूट लांब, सहा इंच रुंद आणि सहा इंच खोल अशी एक पन्हळ केली. सहा इंच लांबीची एक लहानशी नाव केली. नावेच्या नाळेला रेशमी दोरा बांधला, तो पितळेच्या कप्पीवरून नेला आणि दुसऱ्या टोकाला वजन म्हणून एक शिलिंगचे नाणे अडकवले. नाणे खाली जाई, नाव पुढे सरके. सेकंद दाखवणारे घड्याळ हाताशी नसल्याने नाव या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईतो तो शक्य तितक्या जलद आकडे मोजत असे. पाणी दीड इंच खोल असताना सरासरी १०१ आकडे मोजून होत, दोन इंच असताना ८९ आणि साडेचार इंच असताना ७९. नावाडी खरे बोलत होता. नाव पुढे सरकते तेव्हा तिने बाजूला सारलेले पाणी तिच्या खालून आणि कडेने मागे जावे लागते. वाट अरुंद असली की ते पाणी अधिक वेगाने मागे पळते आणि नावेला जणू उलट्या प्रवाहातून चालावे लागते. १७६८ च्या मे महिन्यात फ्रँकलिनने हे सारे आपला मित्र जॉन प्रिंगल याला पत्राने कळवले.

हा प्रयोग कोणत्याही शाळेत एका दुपारी होण्यासारखा आहे आणि त्याकडे आपण शेवटी परत येऊ. पण आता एक अवघड प्रश्न विचारून पाहा. सहा इंचांच्या नावेला एका शिलिंगचे वजन पुरले, तर त्याच आकाराच्या, पण सहाशे फूट लांबीच्या जहाजाला किती जोर लागेल? फ्रँकलिनपाशी याचे उत्तर नव्हते. पुढची शंभर वर्षे ते कुणापाशीच नव्हते.

प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १७७५ मध्ये पॅरिसच्या लष्करी विद्यालयातील तळ्यात दालांबेर, काँदॉर्से आणि बोस्यू या तिघांनी लाकडी प्रतिकृती ओढून पाहिल्या. लंडनच्या ग्रीनलंड गोदीत कर्नल मार्क बोफॉय याने १७९३ ते १७९८ अशी पाच वर्षे चिकाटीने मोजमापे केली. पाण्याचा रोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो एवढे त्यातून दिसले. पण प्रतिकृतीवरून जहाजाचा अंदाज बांधायला गेले की हिशेब हमखास चुके. आणि जहाजे शिडांवर चालत होती तोवर त्यावाचून फारसे अडतही नव्हते. वारा फुकटचा होता.

अडू लागले ते वाफेचे इंजिन आल्यावर. इंजिनाला कोळसा लागतो, कोळशाला जागा लागते, जागेसाठी जहाज मोठे करावे लागते आणि मोठ्या जहाजाला पुन्हा अधिक कोळसा लागतो. जहाजाला पाणी किती अडवते हे आधी ठाऊक नसेल, तर इंजिन किती ताकदीचे बसवायचे हे कशावरून ठरवणार? जुन्या जहाजांचे आकडे घ्यायचे आणि अंदाज करायचा, हीच रीत होती. जहाज बांधून झाल्यावर चाचणी होई. वेग ठरल्यापेक्षा कमी भरला तर दोष इंजिनाचा, मळसूत्री पंख्याचा की बुडाच्या आकाराचा, हे कळायला मार्ग नसे. तोवर लाखो पौंड पाण्यात गेलेले असत, आणि तेही अक्षरशः.

या अंदाजांचा सर्वांत मोठा खेळ म्हणजे ‘ग्रेट ईस्टर्न’. इझमबार्ड ब्रुनेल या इंजिनियरची ही कल्पना. जहाज ६९२ फूट लांब. वाटेत कुठेही कोळसा न घेता पूर्वेकडची लांबची सफर करता यावी, हा हेतू. जानेवारी १८५८ मध्ये ते पाण्यात उतरले. प्रवासी जहाज म्हणून ते कायम तोट्यात गेले आणि अखेरीस समुद्रतळाशी तारायंत्राच्या तारा टाकण्याचे काम त्याच्या वाट्याला आले. १८७० च्या सुरुवातीला मुंबई ते एडन ही तार टाकण्यासाठी ते मुंबई बंदरात येऊन उभे राहिले होते. नेमक्या त्याच सुमारास, फेब्रुवारी १८७० मध्ये, इंग्लंडमध्ये एका साठीला टेकलेल्या गृहस्थाला त्याच्या घराशेजारी एक हौद बांधण्यासाठी सरकारी मंजुरी मिळत होती. त्याचे नाव विल्यम फ्रूड.

फ्रूडचा जन्म १८१० चा, डेव्हन परगण्यातला. ऑक्सफर्डला त्याने गणितात पहिला वर्ग मिळवला आणि १८३७ पासून तो ब्रुनेलच्या हाताखाली रेल्वेची कामे करू लागला. सरळ रूळ वळणाला जिथे मिळतात तिथे गाडीला हिसका बसू नये म्हणून वक्रता हळूहळू वाढवत नेण्याची एक रीत त्याने बसवली होती. १८४६ मध्ये आजारी वडिलांची काळजी घेण्यासाठी त्याने नोकरी सोडली. घरचे बरे होते, तेव्हा उद्योग स्वतःच्या आवडीचे चालू राहिले. ‘ग्रेट ईस्टर्न’ लाटांवर कितपत डोलेल हे शोधून काढ, असे ब्रुनेलने त्याला सांगितले आणि हा रेल्वेचा इंजिनियर जहाजांकडे वळला तो कायमचाच.

हंस आणि डोमकावळा

त्या काळी जहाजाच्या आकाराविषयी जॉन स्कॉट रसेलचे मत शेवटचे मानले जाई. ‘ग्रेट ईस्टर्न’ त्याच्याच कारखान्यात बांधली गेली होती. पुढचे टोक एका ठरावीक लाटेच्या वळणाचे आणि धारदार असले की रोध कमीत कमी होतो, असा त्याचा सिद्धान्त होता. फ्रूडला हे पटत नव्हते. बदक किंवा हंस काही धारदार नसतो, तरी तो पाण्यावरून किती सहज जातो!

म्हणून १८६७ मध्ये त्याने डार्ट नदीवर दोन आकारांच्या प्रतिकृती तयार केल्या. एक ‘रेव्हन’, म्हणजे डोमकावळा: टोके धारदार, रसेलच्या मताप्रमाणे. दुसरी ‘स्वान’, म्हणजे हंस: टोके भरीव, गोलसर. दोन्हींचे वजन सारखे. एका छोट्या वाफेच्या होडीच्या दोन्ही बाजूंना त्या बांधून तो शेजारी-शेजारी ओढत असे, म्हणजे पाणी, वारा आणि वेग दोघींना एकच. कमी वेगाला रेव्हनचा रोध कमी भरला. वेग वाढवल्यावर स्वानचा. म्हणजे ‘सर्वांत उत्तम आकार’ असा काही नसतोच. ‘कोणत्या वेगाला?’ हे विचारल्याशिवाय त्या प्रश्नाला अर्थ नाही.

पण खरा शोध पुढेच आहे. फ्रूडने प्रत्येक आकाराच्या तीन मापांच्या प्रतिकृती केल्या होत्या: तीन फुटी, सहा फुटी आणि बारा फुटी. एकाच वेगाने ओढल्यावर तिघींभोवतीच्या लाटा अगदी वेगवेगळ्या दिसत. बारा फुटी शांतपणे जाई, तर त्याच वेगाला तीन फुटी बिचारी पाणी उसळवत धडपडे. मात्र लहानीचा वेग कमी करत गेले की एका वेगाला तिच्या लाटा मोठीच्या लाटांची हुबेहूब लहान नक्कल वाटत. तीन फुटी दोन नॉटने आणि बारा फुटी चार नॉटने चालवा, दोन्ही चित्रे सारखी. लांबी चौपट, वेग दुप्पट. सहा फुटीला तोच देखावा २.८ नॉटला. म्हणजे वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात हवा.

असे का व्हावे? खोल पाण्यावरच्या लाटेचा वेग तिच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. एक मीटर लांबीची लाट सेकंदाला सुमारे १.२५ मीटर जाते आणि चार मीटरची २.५ मीटर. जहाजाने उठवलेल्या आडव्या लाटा जहाजाच्याच वेगाने त्याच्या सोबत चालतात. तेव्हा जहाज चौपट लांब झाले आणि लाटाही चौपट लांब हव्या असल्या, तर वेग दुप्पट करण्यावाचून इलाज नाही. या जोडीच्या वेगांना फ्रूडने ‘अनुरूप वेग’ म्हटले.

एकदा चित्र जुळले की बळाचाही हिशेब जुळतो. प्रतिकृतीपेक्षा जहाज सोळा पट लांब आहे असे समजा. अनुरूप वेगाला लाटांची उंची सोळा पट, म्हणून त्यांचा दाबही सोळा पट. तो दाब ज्या पृष्ठभागावर पडतो तो १६ × १६, म्हणजे २५६ पट. दोन्ही मिळून १६ × १६ × १६ = ४०९६ पट. लाटा उठवण्यात जो रोध होतो तो लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, आणि जहाजाचे वजनही घनाच्याच प्रमाणात वाढते. म्हणजे अनुरूप वेगाला दर टनामागे लाटांचा रोध लहान-मोठ्या दोघांना सारखाच.

(फ्रान्समध्ये फेर्दिनां रीश याने असाच नियम १८५२ मध्ये मांडला होता. पण त्याने तो प्रयोगाला जुंपला नाही. शास्त्रात नाव बहुधा अशा वेळी राबणाऱ्याचे राहते.)

दोन रोध, दोन नियम

इथवर आल्यावर सगळे सोपे वाटते. प्रतिकृती ओढा, रोध मोजा, ४०९६ ने गुणा. फ्रूड एवढ्यावर थांबला असता तर त्याचाही हिशेब आधीच्या सगळ्यांसारखाच चुकला असता. कारण पाणी जहाजाला दोन तऱ्हांनी अडवते. एक म्हणजे जहाज लाटा उठवते आणि त्यात शक्ती खर्ची पडते. दुसरे, पाणी बुडाच्या पृष्ठभागाला घासते. हा घर्षणाचा रोध वर्गमुळाच्या नियमाला जुमानत नाही. त्याची तऱ्हाच निराळी. आज आपल्याला ठाऊक आहे की घर्षणाच्या बाबतीत तंतोतंत सारखेपणा हवा असेल, तर सोळा पट लहान प्रतिकृती सोळा पट अधिक वेगाने ओढावी लागेल. लाटांसाठी मात्र ती चार पट कमी वेगाने ओढायला हवी. एकाच हौदात, एकाच पाण्यात दोन्ही अटी एकदम पाळणे अशक्य आहे. गेल्या शंभर वर्षांतल्या प्रतिकृती याच खडकावर फुटल्या होत्या.

फ्रूडची तोड अशी की दोघांना वेगळे करायचे. घर्षण स्वतंत्रपणे मोजायचे, ते एकूण रोधातून वजा करायचे आणि उरलेल्या भागालाच घनाचा नियम लावायचा.

घर्षण वेगळे मोजायला लाटा न उठवणारी वस्तू हवी. त्यासाठी त्याने पातळ फळ्या घेतल्या. जाडी अवघी एका इंचाच्या तीन-षोडशांश, उंची एकोणीस इंच आणि लांबी एक फुटापासून थेट पन्नास फुटांपर्यंत. कुणावर व्हार्निश, कुणावर मेण, कुणावर कथलाचा वर्ख, कुणावर मांजरपाट, तर कुणावर बारीक-जाड वाळू चिकटवलेली. या फळ्या पाण्यात उभ्या बुडवून, कडेने पुढे ओढल्या. सेकंदाला दहा फूट वेगाला व्हार्निशच्या दोन फुटी फळीवर दर चौरस फुटाला सरासरी ०.४१ पौंड ओढ लागली. पन्नास फुटी फळीवर ०.२५ पौंड. पृष्ठभाग तोच, वेग तोच, तरी लांब फळीला दर चौरस फुटामागे ओढ कमी. कारण फळीचा पुढचा भाग पाण्याला आपल्यासोबत ओढू लागतो, आणि मागच्या भागाला आधीच पुढे निघालेले पाणी भेटते. त्यांच्यातला सापेक्ष वेग कमी, म्हणून घासणेही कमी. आणखी एक गोष्ट दिसली: लांब, गुळगुळीत फळीवरचे घर्षण वेगाच्या वर्गाने नव्हे, तर १.८३ या घाताने वाढते. मध्यम वाळू चिकटवलेल्या पन्नास फुटी फळीवर मात्र ओढ जवळजवळ दुप्पट, ०.४८८ पौंड. तळाला शेवाळ आणि शंख चिकटलेले जहाज इतके सुस्त का होते, याचे उत्तर त्यात आले. आपल्या कोकणातले नावाडी होड्या किनाऱ्यावर ओढून बूड खरवडतात ते उगीच नाही.

आता एक हिशेब करून पाहू. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत, पण अवास्तव नाहीत. १/१६ प्रमाणाची प्रतिकृती ३ नॉटने ओढली आणि एकूण रोध २० न्यूटन भरला. फळ्यांच्या तक्त्यावरून तिचे घर्षण १२ न्यूटन निघाले. उरले ८. जहाजाचा अनुरूप वेग ३ × ४ = १२ नॉट. त्या वेगाला जहाजाचा लाटांचा रोध ८ × ४०९६, म्हणजे सुमारे ३२,८०० न्यूटन. घर्षण जर त्याच पटीत वाढले असते तर १२ × ४०९६ = ४९,१५२ झाले असते; पण लांबीमुळे ते त्याच्या साधारण साठ टक्केच होते असे धरू, म्हणजे २९,५०० न्यूटन. बेरीज सुमारे ६२,३००. आणि आंधळेपणाने वीसलाच ४०९६ ने गुणले असते तर? ८१,९२०. तीस टक्क्यांहून मोठी चूक! एवढ्या चुकीच्या भरवशावर कोण इंजिन विकत घेणार? प्रतिकृती खोटे बोलतात असे जाणती माणसे म्हणत, त्याचे मूळ इथे होते.

शंकेखोर आणि ‘ग्रेहाउंड’

आरमाराचा मुख्य जहाजरचनाकार एडवर्ड रीड याला फ्रूडने १८६८ च्या अखेरीस आपली योजना कळवली. त्याच सुमारास ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेची एक समिती याच प्रश्नाचा विचार करीत होती. रँकिनसारखा मोठा शास्त्रज्ञ तिच्यात होता आणि फ्रूडही होता. समितीचे मत पडले की प्रतिकृतींवर विसंबू नये, खरी जहाजेच ओढून पाहावीत. फ्रूडने आपले भिन्न मत अहवालाला जोडले. त्याचे म्हणणे साधे होते: खरे जहाज एकदा बांधले की त्याचा आकार बदलता येत नाही, प्रतिकृतीचा रोज बदलता येतो. स्कॉट रसेल तर उघड थट्टाच करी. हे प्रयोग करणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला मौज वाटेल, पण खऱ्या जहाजाशी त्यांचा संबंध नाही, अशा अर्थाचे तो बोलला. त्याला नुसते हेकट म्हणून सोडून देता येत नाही. त्याने स्वतः पुष्कळ प्रतिकृती ओढून पाहिल्या होत्या आणि त्या प्रत्येक वेळी फसल्या होत्या. अनुभव त्याच्या बाजूने होता; फक्त तो का फसला हे त्याला उमगले नव्हते.

रीडने फ्रूडचा पक्ष घेतला आणि आरमार खात्याने दोन हजार पौंड मंजूर केले. फ्रूडने स्वतःच्या कामाचा मोबदला घेतला नाही. टॉर्की गावी आपल्या घराजवळ त्याने २७८ फूट लांब, ३६ फूट रुंद आणि १० फूट खोल हौद खणला आणि त्यावर छप्पर घातले. छपराखाली हौदाच्या लांबीभर रूळ टांगले. त्यांवरून एक गाडी धावे, तिला वाफेचे इंजिन तारेच्या दोराने ओढी आणि इंजिनाचा वेग अगदी एकसारखा राहील अशी योजना होती. गाडीखाली प्रतिकृती, दोघींच्या मध्ये स्प्रिंगचा बलमापक, आणि स्प्रिंग किती ताणली हे फिरत्या नळकांड्यावरच्या कागदावर आपोआप उमटत असे.

फ्रँकलिनच्या पन्हळीत आणि या हौदात एक महत्त्वाचा फरक आहे, तो वर्गात जरूर सांगावा. फ्रँकलिन बळ स्थिर ठेवून वेळ मोजत होता. फ्रूड वेग स्थिर ठेवून बळ मोजत होता. पडत्या वजनाने ओढलेली नाव बराच वेळ वेग घेत राहते, आणि तेवढ्या वेळात बळाचा काही भाग पाण्याशी झगडण्यात नव्हे तर नावेला गती देण्यात जातो. वेग एकसारखा झाला की ही भानगड मिटते.

प्रतिकृती कशाच्या करायच्या हाही प्रश्नच होता. लाकूड पाणी पिऊन फुगते, आणि ते कोरायला दिवस लागतात. फ्रूडने पॅराफिनचे मेण निवडले. मातीच्या साच्यात मेण ओतायचे, मग त्याने स्वतःच बनवलेल्या यंत्रावर, नकाशाच्या रेषेबरोबर फिरणाऱ्या पात्यांनी त्याला आकार द्यायचा आणि शेवटी हाताने तासून गुळगुळीत करायचे. पाण्याचा परिणाम नाही, आकार बदलायचा तर खरवडा किंवा थापा, आणि काम झाले की वितळवून त्याच मेणाची दुसरी प्रतिकृती करा.

पण हौद म्हणतो तेच समुद्रात घडते याला पुरावा काय? त्यासाठी एक खरे जहाज ओढणे भागच होते. समितीचे म्हणणे आणि फ्रूडचे म्हणणे इथे एकत्र आले. ऑगस्ट-सप्टेंबर १८७१ मध्ये पोर्टस्मथजवळ ‘ॲक्टिव्ह’ या युद्धनौकेने १७२ फूट लांबीच्या ‘ग्रेहाउंड’ला ओढले. पुढच्या जहाजाने ढवळलेल्या पाण्यातून मागचे जहाज गेले तर मोजमाप बिघडेल. म्हणून ‘ॲक्टिव्ह’च्या कुशीतून पंचेचाळीस फुटांचे एक लाकूड आडवे बाहेर काढून त्याच्या टोकाला दोर बांधला होता. सुमारे ३ ते १२ नॉटपर्यंतच्या वेगांना दोराचा ताण मोजला गेला. हौद तयार झाल्यावर, मार्च १८७२ मध्ये, पहिली प्रतिकृती ओढली ती ‘ग्रेहाउंड’चीच.

१८७४ मध्ये फ्रूडने दोन्ही आलेख जहाजरचनाकारांच्या संस्थेपुढे ठेवले. प्रतिकृतीवरून काढलेली रेषा आणि समुद्रात मोजलेली रेषा जवळजवळ एकमेकींच्या अंगावर होत्या. पूर्ण जुळण्यासाठी फ्रूडला ‘ग्रेहाउंड’च्या बुडावरचा जुना तांब्याचा पत्रा व्हार्निशपेक्षा खरबरीत आहे असे धरावे लागले. हे त्याने लपवले नाही. याच प्रयोगातून आणखी एक गोष्ट बाहेर आली, ती आरमाराला जास्त झोंबली असणार: जहाजाला खरोखर ओढायला जेवढी शक्ती लागते, ती इंजिनात निर्माण होणाऱ्या शक्तीच्या निम्मीसुद्धा नव्हती. उरलेली इंजिनाच्या घर्षणात आणि पंख्याने पाणी ढवळण्यात जात होती. तोवर सगळे जण बुडाच्या आकारालाच दोष देत होते.

इथे एका सार्वत्रिक गैरसमजाचाही उल्लेख करावा लागेल, कारण आजही मुले तसेच सांगतात. जहाज पुढचे पाणी बाजूला ढकलते म्हणून रोध होतो, असे त्या काळी बहुतेक इंजिनियर मानत. १८७५ मध्ये ब्रिस्टलच्या भाषणात फ्रूडने हे खोडून काढले. पूर्ण बुडालेल्या, नितळ आकाराच्या वस्तूभोवती घर्षण नसलेले पाणी वाहत असेल, तर प्रवाहरेषा पुढे फाकतात आणि मागे पुन्हा मिटतात. पुढच्या टोकावर दाब वाढून वस्तू जेवढी मागे रेटली जाते, तेवढीच ती मागच्या टोकाजवळच्या दाबाने पुढे रेटली जाते. बेरीज शून्य. हे गणित दालांबेरने सव्वाशे वर्षांपूर्वीच मांडले होते. पण इंजिनियरांना ते गणित्यांचे खूळ वाटे. फ्रूडने त्यांना दाखवले की मग उरतात त्या दोनच गोष्टी, पृष्ठभागावरचे घर्षण आणि लाटा. आकार बोजड असेल तर मागे भोवरे उठतात, ती तिसरी.

लाटांचा तर त्याने पुढे फारच सुंदर छडा लावला. १८७७ मध्ये त्याने एकाच प्रतिकृतीची पुढची-मागची टोके तशीच ठेवून मधला सरळ भाग हळूहळू लांबवत नेला. रोध सरळ वाढत गेला नाही. कधी वाढला, कधी चक्क कमी झाला. कारण पुढच्या टोकाने उठवलेल्या लाटांची रांग मागच्या टोकाच्या लाटांना जाऊन मिळते. शिखरावर शिखर आले तर दोन्ही मिळून मोठी लाट. शिखर दरीत पडले तर दोन्ही एकमेकींना खातात. आज मोठ्या मालवाहू जहाजांच्या नाळेखाली पाण्यात जो गोल फुगा दिसतो, तो याच वजाबाकीवर चालतो. अमेरिकेत डेव्हिड टेलरने हौदातल्या प्रयोगांवरून तसा फुगा ‘डेलावेअर’ या युद्धनौकेला दिला. ती १९१० मध्ये आरमारात दाखल झाली.

फ्रूडने हे काही पाहिले नाही. पत्नीच्या मृत्यूनंतर तो आरमाराचा पाहुणा म्हणून ‘बोडिशिया’ जहाजावरून दक्षिण आफ्रिकेला गेला आणि ४ मे १८७९ रोजी सायमन्सटाउन येथे आमांशाने वारला. हौदाचे काम त्याचा मुलगा रॉबर्ट एडमंड याने चालवले आणि १८८६ च्या सुमारास ते पोर्टस्मथच्या शेजारी, हॅस्लरला हलवले. १८८३ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंबार्टन गावी डेनी बंधूंच्या जहाजकारखान्याने स्वतःच्या खर्चाने हौद बांधला. खाजगी कारखान्याचा हा पहिला हौद, आणि तो आज संग्रहालय म्हणून जपलेला आहे. ज्या गोष्टीला काही वर्षांपूर्वी मौज म्हटले होते तिच्यावर आता व्यापारी पैसा घालू लागले होते.

फ्रूडच्या नियमाची आपल्याकडची ओळख मात्र जहाजांपेक्षा धरणांमुळे अधिक. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राची सुरुवात १९१६ मधली. धरणाच्या सांडव्यावरून पाणी कसे कोसळेल, पायथा किती खणला जाईल, हे तिथे लहान प्रतिकृतींवर पाहिले जाते. कोसळणाऱ्या पाण्यावरही गुरुत्वाचेच राज्य, म्हणून नियम तोच. १/१०० प्रमाणाच्या प्रतिकृतीत पाण्याचा वेग खऱ्याच्या एक दशांश. आणि छेदाचे क्षेत्रफळ दहा हजारांश असल्याने विसर्ग एक लक्षांश. सेकंदाला पाच हजार घनमीटरचा महापूर तिथे सेकंदाला पन्नास लिटरमध्ये बसतो.

आता फ्रँकलिनच्या पन्हळीकडे. घरावरच्या पत्र्याची दोन-तीन मीटरची पन्हळ, दोन्ही टोके बंद केलेली, यासाठी चालते. पण अर्धगोल असली तर पाण्याबरोबर रुंदीही बदलते, म्हणून सपाट तळाची मिळाली तर उत्तम. मेणाच्या नावा कराव्यात, एक दहा सेंटिमीटरची आणि दुसरी सर्व बाजूंनी दुप्पट. लहानीपेक्षा मोठी आठ पट जड भरते का, हे आधी तराजूत पाहावे. मुलांना इथेच पहिला धक्का बसतो. मोठीला पन्हळ अरुंद पडत असेल तर शाळेची पाण्याची टाकी किंवा गावातला धोंडी हौद पाहावा, नाही तर हॉलंडच्या कालव्याची गोष्ट मध्ये येईल. लहानीला ५ ग्रॅम वजन लावले तर मोठीला ४० ग्रॅम लावावे आणि सुरुवातीचे अंतर सोडून शेवटच्या एका मीटरला लागणारा वेळ मोजावा. नियमाप्रमाणे मोठीचा वेग लहानीच्या १.४ पट यायला हवा. तसा नेमका येणार नाही. एवढ्या लहान नावांवर घर्षणाचा वाटा मोठा असतो आणि लहानीला पाण्याच्या पृष्ठताणाचाही त्रास होतो. मोठीचा वेग १.४ पटीपेक्षा जास्त येतो की कमी, आणि फ्रूडच्या फळ्यांवरून त्याचा आधीच अंदाज करता आला असता का, हे मुलांना प्रयोगापूर्वी वहीत लिहायला सांगावे.